ज्याच्या हाती ससा : रस्त्याकडेची माती आणि संदर्भाचा प्रश्न

हातात धातुशोधक यंत्र घेऊन सार्वजनिक रस्त्याच्या कडेच्या गवताळ पट्टीत जुनी नाणी, बकले, बिल्ले शोधण्याची एखाद्या हौशी माणसाला मुभा असावी का? साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडावा असा हा प्रश्न प्रथमदर्शनी वाटत नाही. तो फार तर नगरपालिकेच्या बैठकीतला किंवा वकिलाच्या कचेरीतला वाटेल. पण ज्या इंग्लंडमध्ये हा छंद घट्ट रुजलेला आहे, तिथला कायदा आणि तिथले गेल्या तीसेक वर्षांतले अनुभव पाहू लागलो की या क्षुल्लक प्रश्नाच्या पोटात दोन मोठे प्रश्न दडलेले दिसतात. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ काय, हा पहिला. आणि एखादी वस्तू तिच्या जागेवरून उचलली की तिच्या अर्थाचे काय होते, हा दुसरा. दुसरा प्रश्न तर आपल्याच अंगणातला आहे. आयुष्यभर आपण संहिता आणि संदर्भ यांच्याशीच झुंजत असतो.

प्रथम कायद्याचे उत्तर सांगून टाकू. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा छंद करण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. मात्र जमीनमालकाची परवानगी प्रत्येक ठिकाणी लागते. १९७९च्या कायद्यानुसार संरक्षित पुरातत्त्वीय स्थळावर विशेष संमतीवाचून असे यंत्र वापरणे हा गुन्हा आहे. उरलेल्या जमिनीवर प्रश्न मालकीचा असतो. रस्त्याची कड कुणाचीच नाही असे समजून यंत्र घेऊन उभ्या राहणाऱ्याला कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : ती कुणाची तरी आहे, त्याला विचारा, न विचारता खणू नका. म्हणजे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु नुसते 'नाही' माहीत असून भागत नाही. ते कोणत्या कारणासाठी आहे, आणि ते कारण पुरेसे आहे का, हे तपासले पाहिजे.

इंग्लिश कायद्याच्या नजरेने पाहिले तर रस्त्याकडेची ही अरुंद पट्टी म्हणजे अधिकारांची तीन मजली इमारत आहे. सर्वांत वर लोकांचा अधिकार. येण्या-जाण्याचा तर तो आहेच, पण त्यापलीकडेही आहे. १९९५च्या जून महिन्यात स्टोनहेंजच्या कुंपणालगत, ए-३४४ या रस्त्याच्या गवताळ कडेवर वीसेक माणसे शांतपणे जमली. त्यांतल्या काहींवर बेकायदा जमावाचा खटला झाला आणि तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. १९९९ साली तिथल्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की सार्वजनिक रस्ता ही केवळ ये-जा करण्याची वाट नाही; इतरांच्या वाटेत न येता, कुणाला उपद्रव न करता तिथे वाजवी कारणासाठी थांबण्याचा, शांतपणे एकत्र जमण्याचाही लोकांना अधिकार आहे. रस्त्याकडेला उभे राहून आपले म्हणणे मांडणे हा नागरिकाचा हक्क ठरला. लोकशाहीच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे, आणि तो रस्त्याच्या कडेवर घडलेल्या प्रसंगातून निघावा हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा मजला म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या शासनसंस्थेचा. तिच्याकडे रस्त्याचा पृष्ठभाग असतो आणि रस्ता म्हणून तो टिकवण्यासाठी लागेल तेवढी खालची माती. ती किती? १९५४च्या एका खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर इंग्लिश कायद्याच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्यांनी मोजमाप दिले ते फूट-इंचांत नव्हे, तर फावड्याच्या पात्यात : वरचा एक पातेभर थर, फार तर दोन. त्याच्या खालचा तिसरा मजला सर्वसाधारणपणे लगतच्या जमीनमालकाचा, रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत, असे कायदा गृहीत धरतो. आता हौशी शोधकाच्या यंत्राला एखादे सुटे नाणे साधारण वीस-तीस सेंटीमीटर खोलीपर्यंत लागते. म्हणजे त्याचा शोध नेमका त्या एकदोन पातेभर थरातच चालणार. त्यातून तो आणखी खोल गेला, तर शासनाची हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या हद्दीत शिरणार. लोकांचा मजला त्याच्या पायाखाली आहे खरा, पण त्याचे फावडे ज्या मजल्यावर काम करते तो लोकांचा नाही.

हाच भेद आणखी नेमकेपणाने मांडणारा खटला म्हणजे 'वेव्हर्ली बरो कौन्सिल विरुद्ध फ्लेचर'. १९९२ साली सरे परगण्यातल्या फार्नम येथील सार्वजनिक उद्यानात एका हौशी शोधकाला जमिनीखाली नऊएक इंचांवर मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच सापडला. त्याने तो लपवला नाही, रीतसर अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्या काळच्या नियमांनुसार तो राजसत्तेच्या हक्काचे 'गुप्तधन' ठरला नाही. मग उरला वाद सापडणारा आणि नगरपरिषद यांच्यातला. खालच्या न्यायालयात शोधक जिंकला. १९९५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तर्क असा : जमिनीवर सहज पडलेली वस्तू सापडली तर, जागेच्या धन्याने तिथल्या वस्तूंवर आपला ताबा स्पष्टपणे राखलेला नसेल तर, सापडणाऱ्याचा हक्क वरचढ, पण जमिनीत रुतलेली वस्तू हा जमिनीचाच भाग, आणि तिथे जमिनीच्या धन्याचा हक्क वरचढ. उद्यान लोकांच्या विरंगुळ्यासाठी खुले होते. खणणे हा त्या विरंगुळ्याचा भाग नव्हता. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत चालते, तिच्या खाली चालत नाही, असेच जणू न्यायालयाने सांगितले.

इथे मराठी शब्दांकडे थोडे वळावेसे वाटते. आपल्या व्यवहारात 'सार्वजनिक', 'सरकारी' आणि 'बेवारस' हे तीन शब्द एकमेकांच्या इतके जवळ येऊन बसले आहेत की त्यांच्या सीमा पुसट झाल्या आहेत. सार्वजनिक नळ म्हणजे ज्याची तोटी कुणीही काढून न्यावी असा नळ. सरकारी जमीन म्हणजे जिच्यावर हळूहळू टपरी सरकवावी अशी जमीन. 'सर्वांचे' या शब्दातून 'सर्वांची जबाबदारी' हा अर्थ निघण्याऐवजी 'कुणाचेच नाही' हा अर्थ आपण काढतो आणि मग 'जो आधी उचलेल त्याचे' या पायरीवर पोचतो. गायरान, पडीक, गावठाण या शब्दांत सामायिकपणाची जी जुनी जाण होती, ती 'साइडपट्टी' या बांधकाम खात्याच्या शब्दापर्यंत येता येता आटली. गंमत अशी, की कायद्याच्या भाषेतही बेवारस मालाची कल्पना आहे आणि स्कॉटलंडमध्ये तिचा निष्कर्ष आपल्या नेमका उलटा निघतो. तिथे धनी नसलेली पुरातन वस्तू राजसत्तेकडे जाते, आणि ती सापडल्याचे कळवणे बंधनकारक असते. म्हणजे बेवारस वस्तूचा वारस पहिला येणारा इसम नसून संपूर्ण समाज असतो. आयर्लंड आणखी पुढे गेले. १९८० साली डेरिनाफ्लान येथील जुन्या मठाच्या जागी धातुशोधक यंत्राने चर्चमधील पात्रांचा अपूर्व साठा सापडला. त्यावरून झालेल्या दीर्घ न्यायालयीन वादानंतर राज्याचा हक्क मान्य झाला, आणि पुरातन वस्तूंच्या शोधासाठी परवान्यावाचून असे यंत्र वापरण्यास कायद्याने बंदी आली.

इथवरचा युक्तिवाद मालकीचा झाला. माझे म्हणणे असे आहे की मालकीचा युक्तिवाद बरोबर असला तरी अपुरा आहे. मालकी हेच एकमेव कारण असेल, तर मालकाने 'खण' म्हटले की प्रश्न संपला. नगरपरिषदेच्या एखाद्या कारकुनाने शिक्का मारला की संपला. खरे कारण वेगळे आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ते कुणी समजावून सांगायला नको. ते कारण म्हणजे संदर्भ.

एखाद्या कवितेतली एक ओळ तोडून भिंतीवर लावली की ती ओळ सुंदर राहते, पण ती कविता राहत नाही. ती ओळ कुणाच्या तोंडी आहे, उपरोधाने आली आहे की आर्ततेने, तिच्या आधी काय होते, हे सारे जाते. मातीतल्या वस्तूचे असेच असते. नाणे कोणत्या थरात होते, शेजारी कोणते खापर होते, एकटे होते की पुरचुंडीत बांधलेले, वर राखेचा थर होता की पुराचा गाळ : या साऱ्यांमुळे नाणे बोलते. एकदा ते उपटून खिशात टाकले की उरतो तो धातूचा देखणा तुकडा. आणि इथे साहित्यापेक्षा परिस्थिती अधिक कठोर आहे. तोडलेली ओळ पुन्हा कवितेत नेऊन वाचता येते, कारण कविता अन्यत्र शिल्लक असते. मातीची पोथी मात्र एकाच प्रतीची असते, आणि पान उलटताना ते फाटतेच. प्रशिक्षित उत्खननकार तेवढ्यासाठी प्रत्येक पान फाडण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवतो. हौशी शोधक बहुधा तसे करत नाही.

या दोन क्षेत्रांतले नाते केवळ उपमेपुरते नाही याचा आपल्याकडचा पुरावा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध केली, आणि त्याच काळात तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांच्या साठ्यांचा अभ्यास केला. दोन्ही कामांमागची दृष्टी एकच होती. पोथ्यांच्या बाबतीत कोणता श्लोक कोणत्या परंपरेच्या किती प्रतींत येतो, हे त्यांनी पाहिले. नाण्यांच्या बाबतीत त्यांनी प्रत्येक नाणे तोलले. हातोहात फिरताना नाणे झिजते, दर फेऱ्यात किंचित हलके होते. म्हणून एकाच साठ्यातल्या वेगवेगळ्या छापांच्या नाण्यांच्या सरासरी वजनांवरून कोणता छाप आधीचा आणि कोणता नंतरचा याचा अंदाज बांधता येतो. शिलालेख नाही, राजाचे नाव नाही, तरी नुसत्या झिजेतून कालक्रम! पण ही किमया एका अटीवर साधते : साठा अखंड हाती यायला हवा. त्यातली चार चमकदार नाणी कुणी आधीच काढून नेली असतील, तर आकडेमोड कोसळते. पोथीतली मधली पाने गहाळ झाल्यावर संपादकाची जी अवस्था होते, तीच इथे इतिहासकाराची.

या अटीची किंमत काय असते हे इंग्लंडमध्ये २०१५ साली जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखे दिसून आले. त्या एकाच वर्षात, नवव्या शतकाच्या उत्तरार्धातले, एकाच प्रकारची नाणी असलेले दोन साठे दोन ठिकाणी सापडले. ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ एका हौशी शोधकाला यंत्राचा इशारा मिळाला, पहिल्या वस्तू दिसल्या आणि तो थांबला. त्याने पुढे खणले नाही; अधिकाऱ्याला कळवले. मातीचा तो गोळा जसाच्या तसा उचलून नेण्यात आला आणि आतली सुमारे दोनशे नाणी, दागिने आणि चांदीच्या कांड्या तज्ज्ञांनी एकेक करून सोडवल्या. पुढे तो साठा ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने विकत घेतला. दुसरा साठा हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघा शोधकांना मिळाला. त्यात सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांनी तो कळवण्याऐवजी व्यापाऱ्यांमार्फत विकायला काढला. २०१९ साली त्यांना दहा आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या. अपिलात त्या कमी झाल्या. पण खटल्याच्या वेळेपर्यंत हाती लागली होती ती जेमतेम तीसेक नाणी. बरीचशी कुठे गेली, याचा पत्ता नव्हता.

आता या नाण्यांत असे काय होते? साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे कान टवकारावेत. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल हा जुन्या इंग्रजी गद्याचा पायाभूत ग्रंथ. तो वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाच्या काळात, त्याच्या प्रभावक्षेत्रात आकाराला आला. त्यात मर्सियाचा राजा दुसरा चेओलवुल्फ याची बोळवण एका तुच्छ शेऱ्यात केली आहे : राजाचा मूर्ख सरदार, व्हायकिंगांच्या हातातले बाहुले. शतकानुशतके वाचकांनी हे प्रमाण मानले. पण या साठ्यांतल्या नाण्यांत आल्फ्रेडच्या नावाची आणि चेओलवुल्फच्या नावाची नाणी एकत्र आहेत, आणि दोघांच्याही नाण्यांवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन सम्राटांची एकच प्रतिमा आहे. दोन राजे एकसारखे नाणे पाडतात याचा अर्थ त्यांच्यात काही काळ तरी बरोबरीचे सख्य असले पाहिजे. म्हणजे आल्फ्रेडच्या गोटातल्या लेखकाने जुन्या मित्राला ग्रंथातून पुसून टाकले, आणि मातीने त्याला जपून ठेवले. संहितेतल्या पक्षपाताला मातीने दिलेला हा पाठभेद आहे. लेमिन्स्टरजवळ जे विकले गेले ते केवळ चांदीचे तुकडे नव्हते. ती या पाठभेदाची दुसरी पोथी होती, आणि ती पानापानाने बाजारात गेली.

असे उदाहरण आपल्याकडे नाही असे नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना चार ब्राँझ शिल्पे मिळाली : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय कलेतल्या अत्यंत विलक्षण वस्तूंत त्यांची गणना होते. पण त्यांचा काळ कोणता, यावर विद्वानांचे एकमत नाही. साळी, ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पुढे करून इतरांनी त्यावर शंका घेतली. शिल्पे रीतसर उत्खननात, नोंदलेल्या थरात मिळाली असती तर हा वाद कदाचित उभाच राहिला नसता. इथे त्या शेतकऱ्याचा काडीइतकाही दोष नाही. तो आपल्या कामासाठी खणत होता. मुद्दा एवढाच की निष्पाप हातांनीही संदर्भ तुटतो. मग केवळ हौसेखातर, तो तुटणार हे ठाऊक असताना, तो तोडण्याची मुभा का द्यावी?

याविरुद्ध बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. त्यांना उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला मुद्दा : ज्या मातीचा एवढा कैवार घेता, ती नांगराने आणि बुलडोझरने रोज उलथली जातेच. विशेषतः रस्त्याकडेची. तिथे केबल पुरल्या जातात, गटारे काढली जातात, बाहेरून आणलेला मुरूम पसरला जातो. अशा ठिकाणी थर शिल्लक असतात तरी कुठे? या बोलण्यात तथ्य आहे. स्टॅफर्डशरचा तो प्रख्यात सुवर्णसाठा २००९ साली सापडला तो नांगरटीच्या मातीतच, ए-५ या आजच्या रस्त्यापासून, म्हणजे प्राचीन रोमन वॉटलिंग स्ट्रीटपासून, जवळच्या शेतात. चार हजारांहून अधिक तुकडे. यंत्रधारी शोधक नसता तर ते कदाचित नांगराखाली भरडले गेले असते. पण ध्यानात घ्या, तो साठा आज इतिहासाच्या उपयोगाचा आहे याचे कारण तो कळवला गेला, मागोमाग उत्खनन झाले, आणि तो न फोडता बर्मिंगहॅम व स्टोक इथल्या संग्रहालयांनी मिळून घेतला. त्याला वाचवले ते यंत्राने आणि नोंदीने मिळून. शिवाय नांगरटीचे शेत आणि रस्त्याची कड यांत फरक आहे. जुन्या मार्गांच्या कडेची जी पट्टी कधीच नांगरली गेलेली नाही, तिथे उलट थर अधिक शाबूत असण्याचा संभव असतो. नाणेघाटासारख्या दोन हजार वर्षे वाहत्या वाटेकडे पाहावे. माणसांची ये-जा जितकी जुनी, तितकी वाटेच्या कडेची माती बोलकी.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. तज्ज्ञांचा एक वर्ग भूतकाळावर मक्ता सांगतो, आणि सामान्य माणसाच्या जिज्ञासेला चोर ठरवतो. तेर, म्हणजे प्राचीन तगर, इथल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे हौसेने जमवल्या नसत्या तर आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तिथे उभे राहिले असते का? हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. हौशी माणसाने ज्ञानात घातलेली भर नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. इंग्लंडने हे ओळखले. १९९७पासून तिथे शोधकांनी स्वेच्छेने वस्तू दाखवाव्यात आणि त्यांची नोंद व्हावी अशी योजना आहे. तीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या असून त्यांतल्या बहुतेक यंत्रधारी हौशी मंडळींनीच आणलेल्या आहेत. ब्रिटिश संग्रहालयाच्या छत्राखाली चाललेली ही योजना विश्वासावर उभी आहे. चौकशीला बसण्याऐवजी अधिकारी शोधकाच्या शेजारी बसतो. लामतुऱ्यांचे थोरपणही संग्रहात तेवढे नाही, जेवढे तो संग्रह लोकांसाठी खुला झाला यात आहे. हौस आणि लूट यांतली रेषा पदवीने आखली जात नाही. सापडलेली वस्तू कुठे सापडली हे सांगायला तुम्ही तयार आहात का, या एका प्रश्नाने ती आखली जाते.

तिसरा मुद्दा कुणी सहसा काढत नाही, पण मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. शासन नागरिकाला म्हणते, 'ही माती माझी, तू हात लावू नकोस'. आणि स्वतः काय करते? इंग्लंडमध्ये निदान असा दंडक तयार झाला आहे की मोठा रस्ता बांधायचा तर आधी पुरातत्त्वीय तपास करायचा, आणि त्याचा खर्च प्रकल्पाने सोसायचा. केंब्रिज-हंटिंग्डन मार्गाच्या कामाआधी अशीच विस्तीर्ण उत्खनने झाली. आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बंदी आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रण, एवढी तरतूद आहे. त्या वर्तुळाबाहेर रस्ता रुंद करताना किती वीरगळ उखडून कडेला पडतात, किती पांढरीची टेकाडे भरावासाठी उचलली जातात, हे महाराष्ट्रात हिंडणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. पांढरीची माती म्हणजे जुन्या वस्तीची माती. ती सुपीक म्हणून शेतात जाते, भरावाला बरी म्हणून रस्त्यात जाते. कुंपणच शेत खात असेल तर राखणदाराला दरडावण्याचा अधिकार कितीसा उरतो?

या संदर्भात जुन्या धर्मशास्त्राची आठवण उद्बोधक आहे. जमिनीत सापडलेल्या जुन्या निधीत राजाचा वाटा निम्मा, असे मनुस्मृती सांगते. त्याच प्रकरणात विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी मात्र पूर्ण त्याचा, अशी उघड विषमताही आहे. ती आपण टाकून दिली पाहिजे आणि दिलीही आहे. पण राजाच्या वाट्याला दिलेली कारणे विचारात घेण्याजोगी आहेत : तो भूमीचा अधिपती आहे हे एक, आणि तो रक्षण करतो हे दुसरे. अधिकाराला रक्षणाचा आधार हवा, हे तत्त्व तिथे मान्य आहे. ब्रिटिशांच्या अमदानीत १८७८ साली झालेल्या गुप्तधनाच्या कायद्यातही एक देवाणघेवाण आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. ते बेवारस ठरले तर, अन्य करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या धन्याचा. सरकारला ते हवे असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते घेता येते. न कळवणाऱ्याचा वाटा जप्त होतो आणि तुरुंगवासही संभवतो. कायद्याची भाषा कोरडी आहे, पण त्यामागची समज शहाणी आहे : प्रामाणिकपणा परवडला पाहिजे. दोष इतकाच की त्यात मोल आहे ते धातूचे. ठिकाणाचे, थराचे, संदर्भाचे मोल त्याला कळतच नाही. इंग्लंडच्या १९९६च्या कायद्यातही हीच उणीव बरीच वर्षे होती. सोने-चांदी नसलेली अनन्यसाधारण वस्तू त्यातून निसटत असे. क्रॉस्बी गॅरेट येथे मिळालेले रोमन घोडेस्वाराचे शिरस्त्राण ब्राँझचे होते, म्हणून २०१० साली ते लिलावात वीस लाख पौंडांहून अधिक किमतीला खाजगी हातांत गेले आणि स्थानिक संग्रहालय पाहत राहिले. २०२३ साली त्या कायद्यात सुधारणा झाली, आणि धातूऐवजी महत्त्वाच्या निकषावरही वस्तूला संरक्षण मिळू लागले. आपल्या समाजात 'गुप्तधन' या शब्दाभोवती अघोरी प्रथांचे इतके भयंकर जाळे आहे, की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची स्वतंत्र दखल घ्यावी लागली. तिथे तर भूतकाळाकडे 'धन' म्हणून न पाहता 'लेख' म्हणून पाहण्याचे शिक्षण किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा माझे मत असे. रस्त्याकडेच्या सार्वजनिक मातीत हौशी शोधकाला आपखुशीने खणण्याची मुभा नसावी. इंग्लंडचा कायदा ती देत नाही, हे योग्यच आहे. परंतु ही मनाई 'जमीन माझी आहे' एवढ्या बळावर उभी राहू नये; 'इथला संदर्भ सर्वांचा आहे' या बळावर उभी राहावी. आणि हे बळ घ्यायचे तर शासनाला दोन गोष्टी कराव्या लागतील. आपल्या यंत्रांखाली येणारी माती आधी वाचून पाहणे, ही पहिली. सामान्य माणूस हातात काही घेऊन आला तर त्याला आरोपी न मानता त्याची नोंद घेणारा, त्याच्या तालुक्यातच भेटेल असा एक माणूस नेमणे, ही दुसरी. या दोन्हींवाचून केलेली मनाई कायदेशीर असेल. न्याय्य असेलच असे नाही.

साहित्याच्या शिक्षकांना यात करण्यासारखे थोडेसे आहे. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी वर्गात बोलताना, एकेका पोथीचे गाव, लिपी आणि वंशावळ संपादकांना का नोंदवावी लागली हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. त्याच तासाला एवढेही सांगता येईल की गावाबाहेरचे पांढरीचे टेकाड हीही एक पोथी आहे, तिची दुसरी प्रत नाही, आणि तिच्यातले पान न विचारता काढून नेणारा माणूस, मग तो छांदिष्ट असो की कंत्राटदार, आपल्याच वाचनालयातला चोर आहे. ससा ज्याच्या हाती लागेल त्याने खुशाल पारधी म्हणवून घ्यावे; पण तो ससा कुठल्या रानात होता, एवढे तरी त्याने सांगितलेच पाहिजे.